अनाथांचा नाताळ

ज्यांचं कुणी जवळ नाही अशा मित्रमंडळींना मी दर नाताळला ॲडलेडच्या माझ्या अंगणात जेवायला बोलावते. आमच्याकडे ऑस्ट्रेलियात याला अनाथांचा नाताळ म्हणतात. यंदा बेचाळीस अंशांच्या उन्हात कोळंबी बर्फावर ठेवली होती. भर जेवणात फाटकातून एक म्हातारी पावलोवा केक घेऊन आली. क्रीम वितळून कोपरापर्यंत ओघळलं होतं. पाहुण्यांतल्या लॅकलनचा घास हातातच राहिला. "आई, कशी आलीस?" "दोन बस बदलून. दरवर्षी नाताळात तुझी ड्यूटी असते ना? इंटरनेटवर इथल्या गेल्या वर्षीच्या फोटोत नाताळचा कागदी मुकुट घालून बसलेला दिसलास. खाली 'अनाथांचा नाताळ' लिहिलंय तेही वाचलं." कुणीतरी हसत म्हणालं, "मावशी, नुसती म्हणायची पद्धत आहे हो." "पद्धत माहितेय. तुमच्यात आईबाप नसलेलं कोण?" मी हात वर केला. केक माझ्याकडे सरकवून ती मुलाकडे वळली. "ऊठ. तुझी आई अजून जिवंत आहे."