काचेवरचं बोट

"मी बटन दाबलंच न्हाई," धनाजी म्हणाला. "घाबारलो. हातच उचलला न्हाई माजा."

फौजदारानं मान वर केली. "नीट आठवा. दाबलं आणि यंत्र थांबलं नाही, असं तर झालं नाही?"

"न्हाई साहेब. चूक माजीच हाय."

सायझिंग खात्याच्या दारात उभ्या असलेल्या क्रांतीनं ते ऐकलं आणि तिची मान खाली गेली. धनाजी तिचा बाप. माधवनगरच्या या गिरणीत त्याचं आयुष्य गेलं होतं. सुताला गरम खळ चढवणारं मोठं यंत्र तो चालवायचा. काल दुपारी त्या यंत्राच्या रुळात शेजारी वायंडिंगवर सूत गुंडाळणाऱ्या रेश्माची ओढणी अडकली. यंत्र थांबलं नाही. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच ओढला, तोवर सगळं संपलं होतं. रेश्मा शाळेत क्रांतीच्याच वर्गात होती.

यंत्र संगणकावर चालायचं, आणि तो संगणक क्रांतीनंच बदलला होता. साताऱ्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती नव्यानं लागली होती. गिरणीच्या जुन्या कीबोर्डात खळ आणि सुताची धूळ जाऊन तो सारखा अडायचा. मालकांना सगळं टचच्या पडद्यावर हवं होतं. क्रांतीनं बारीकसारीक चिन्हं काढून टाकली, तळहाताएवढे चौकोन केले आणि माऊस, कीबोर्ड दोन्हींची सुट्टी केली. 'थांबवा' हा चौकोन सगळ्यांत मोठा, लालभडक. यंत्राच्या अंगावरचं खटक्याचं बटण कधीचं बिघडलेलं होतं. पण कीबोर्डाची एक कळ दाबली की यंत्र थांबायचं, म्हणून ते दुरुस्त करायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. क्रांतीच्याही नाही.

नवा पडदा लागला त्या दिवशी मालक साऱ्या खात्यासमोर म्हणाले होते, "ही आपल्या धनाजीची पोरगी बरं का!" बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. क्रांतीनं हळूच विचारलं होतं, "कसं वाटतंय, आबा?"

"लय भारी. नुसतं बोट लावायचं, झालं."

फौजदारानं आता क्रांतीलाच पडदा चालवून दाखवायला सांगितलं. तिनं यंत्र सुरू केलं, लाल चौकोनावर बोट टेकवलं. रूळ जागच्या जागी थांबले. "तुझ्या कामात खोट नाही," मालक म्हणाले. तिला हायसं वाटलं. दुसऱ्याच क्षणी त्या वाटण्याची तिला किळस आली.

घरी चूल पेटली नव्हती. तिची आई मुक्ताबाई भिंतीला टेकून बसली होती. रेश्माचं घर पलीकडच्याच गल्लीत. तिथलं रडणं इथवर ऐकू येत होतं. सकाळपासून या दारात कुणी पाऊल टाकलं नव्हतं.

क्रांतीच्यानं राहवलं नाही. "समोर पडदा हुता, आबा. नुसतं बोट टेकवायचं हुतं. तुमच्या डोळ्यांदेखत ती वडली जात हुती, आन् तुमी नुसतं बगत ऱ्हायला?"



तेवढ्यात तिचा फोन वाजला. पाटणहून मामाचा होता. तिला हुंदका आवरेना. तिनं फोन बापाच्या हातात कोंबला. "तुमीच सांगा त्यास्नी."

धनाजीनं हिरव्या खुणेवर बोट ठेवलं, वर सरकवलं. फोन वाजतच राहिला. त्यानं पुन्हा सरकवलं, मग अंगठा लावला, मग चोरट्यासारखं लेकीकडं पाहिलं. वाजून वाजून फोन गप्प झाला.

"कट झाला वाटतं," तो म्हणाला आणि फोन खाली ठेवायला लागला.

क्रांतीनं त्याचं मनगट धरलं. त्याचा हात तिनं लहानपणापासून धरला होता, पण त्याच्या बोटांकडं कधी पाहिलं नव्हतं. रोज गरम खळीत बुडून शेंड्यांची कातडी वहाणेसारखी कोरडी आणि टणक झाली होती. तिनं फोन उघडला आणि त्याचं बोट स्वतःच्या हातानं काचेवर दाबलं. काही झालं नाही. दुसरं बोट. तिसरं. दुसऱ्या हाताची बोटं. काच जशी काही त्या माणसाला ओळखतच नव्हती.

"काल तुमी दाबलं हुतं," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"लय येळा. पार मुठीनं हाणलं." धनाजीनं हात मांडीखाली घेतला. "पर कुणाला सांगू नगंस. तुजी नोकरी नवी हाय. माजं काय, झालं तेवढं झालं."

"आन् उद्या त्या पडद्याम्होरं दुसरा कोन हुबा ऱ्हायला म्हंजे?"

"पोरी, ऐक माजं..."

"न्हाई आबा. मी फौजदाराकडं चाललेय. पडदा मी बसीवलाय, मीच सांगनार." तिनं पायात चपला सरकवल्या. उंबऱ्यावर मात्र ती अडखळली. पडदा लागून दिवाळी आणि शिमगा दोन्ही होऊन गेले होते.

"मग एवढं दिस यंत्र चालवलं कसं तुमी?"

धनाजीनं पलीकडच्या गल्लीकडं, रडणं येत होतं तिकडं पाहिलं.

"रेश्मा दाबायची," तो म्हणाला. "मी हाक मारली की हातातलं टाकून यायची बिचारी. काल सूत तुटलं, यंत्र थांबवायचं हुतं... म्या हाक मारली, म्हनून तर ती पळत आली."