मागच्या सीटची जाळी

टिकाराम सेठनं मोठ्या हौसेनं बोनेट उघडून ठेवलं होतं, आणि राजदीप गेला तो थेट मागच्या दाराकडे.

"इंजिन समोर हाये गा," टिकाराम म्हणाला. "मांगं काय पाहून राहिला?"

"इंजिनाले काही नाई झालं, काकाजी. अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर चालनारी गाडी हाये ही. बॅटरी मांगं हाये, आन् तिले थंडी ठेवनारा पंखाही मांगंच. तोच गुदमरून राहिला."

असल्या गाड्यांवर राजदीपनं नागपूरला सहा वर्षं हात काळे केले होते. मागच्या महिन्यात त्यानं गोंदियात स्वतःचं गॅरेज टाकलं. गेल्या मे महिन्यात बंद पडलेली ही गाडी पाऊस लागल्यावर आपोआप सुधारली होती. आता एप्रिल उजाडताच तिचा लाल दिवा पुन्हा लागला, म्हणून सेठनं त्याला गावी बोलावलं होतं.

तो सीटवर गुडघा टेकणार, तोच सेठची बायको सुशीलाबाई घरातून लगबगीनं आल्या. "थांब बापू, चादर घालू दे."

लाल पट्ट्यांची सोलापुरी चादर. ती गाडीतच राहायची. राजदीपचे कपडे सकाळीच धुवून घातलेले होते. सुशीलाबाईंचा भाचा खुशाल मघाशीच सेठच्या राइस मिलमधून याच गाडीनं आला आणि अंगावरच्या कोंड्यासकट त्याच सीटवरून उतरला. त्याच्यासाठी कुणी चादर काढली नव्हती. राजदीपनं चादर घालू दिली. त्याच्या बापानं, केवळरामनं, तीस वर्षं या घरी राबताना जे गिळलं होतं, त्यातलंच हे एक.

केवळराम समोरच ओट्याच्या पायरीवर बसला होता, लुळा उजवा हात मांडीवर ठेवून. गेल्या उन्हाळ्यात त्याला लकवा मारला आणि वाचा गेली. आज मंगळवार, त्याच्या मालिशचा दिवस. दर मंगळवारी सेठ त्याला याच गाडीतून तिरोड्याला नेत आणि गावही त्यांचं कौतुक करी.

राजदीपनं चादरीचा लोंबणारा काठ उचलला. त्याखाली, सीटच्या कडेला, पंज्याएवढी प्लास्टिकची जाळी होती.

"हे पाहा. अठून हवा ओढते पंखा."

त्यानं गाडी बंद असल्याची खात्री केली आणि जाळी अलगद काढली. मागच्या गाळणीवर केराचा बोटभर थर बसला होता. नागपूरला त्यानं अशा कितीतरी जाळ्या साफ केल्या होत्या. कुत्र्याचे केस निघत, पोरांच्या बिस्किटांचा चुरा निघे, पण केर नेहमी मातकट असे. हा लाल होता.

टिकारामची मात्र नेहमीची कहाणी सुरू झाली होती. "तुया बापाले याच गाडीत गोंदियाले नेलो मी. मिलमधी पडला तसाच उचललो. पंचेचाळीस डिगरी ऊन. तिरोड्याच्या पुढं गेलो आन् गाडी मेली. पाऊन घंटा मोहाच्या झाडाखाली बसून होतो, दुसरी गाडी भेटेपर्यंत. बाजूनं हललो नाई मी त्याच्या. कोन करते इतकं?"

या कहाणीवर राजदीपनं आजवर दरवेळी मान डोलावली होती. थोडं आधी आणलं असतं तर वाचा राहिली असती, असं गोंदियाचे डॉक्टर म्हणाले होते. तेही त्यानं उन्हावर आणि नशिबावर ढकलून दिलं होतं. सेठवर राग धरायला जागाच नव्हती.

त्यानं लाल केराचा गोळा चादरीच्या लाल पट्ट्यावर ठेवला. ठेवला तो दिसेनासाच झाला, इतका एकाच रंगाचा. त्या दिवशी बाप या चादरीवरच निजवलेला होता.

"गाडी उन्हानं नाई मेली, काकाजी," तो म्हणाला. "या चादरीनं मेली. काठ जाळीवर पडते, धागे आत जाते. हवा बंद झाली, बॅटरी तापली. माया बाबाची वाचा या चादरीनं गेली."

सुशीलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. पायरीवरून केवळरामनं डावा हात उचलला आणि हळूच खाली दाबला. राहू दे, असं.

टिकारामनं तो गोळा चिमटीत उचलून पाहिला.

"म्हंजे गाडीत काही खराबी नाई?" त्यानं विचारलं.

"नाई," राजदीप म्हणाला. "गाडी चांगली हाये."

मग त्यानं काम उरकलं. गाळणी धुतली, उन्हात वाळवली, पंख्याची पाती मऊ ब्रशनं एकेक करून झाडली, सगळं जिथल्या तिथं बसवलं. गाडी सुरू केली तेव्हा लाल दिवा गेला होता. सीटमागून पंख्याची बारीक घरघर येऊ लागली.

"काकू, चादर घालू नका आता. कधीच."

"समजलं गा बापू," सुशीलाबाई म्हणाल्या. डोळे खरंच भरले होते त्यांचे. "बॅटरीले हवा लागते."

"चाल केवळराम," टिकारामनं किल्ली हातात घेतली. "उशीर होऊन राहिला."

राजदीपनं बापाला काखेत धरून उठवलं. पाय ओढत दोघे दारापर्यंत येईतो सुशीलाबाई पुढं झाल्या. त्यांनी चादर उचलली, अंगणात दोनदा चांगली झटकली आणि सीटवर अंथरली. मग वाकून बोटांनी जाळी चाचपली आणि त्या बाजूचा कोपरा दोन घड्या घालून आत खोचला.

"हं," त्या म्हणाल्या. "जाळी मोकळी ठेवली पाहा."

केवळराम चादरीवर बसला. जाळीला आपला धक्का लागू नये म्हणून त्यानं अंग चोरून घेतलं.