टाकीची चौकशी

"मावशी, मी टाकीच्या कंपनीकडून आलेय. जाहिरात करायचीय, त्यासाठी थोडे प्रश्न," दारातली पोरगी म्हणाली. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं, हिमानी.

मनकर्णाबाई काय ते समजल्या. पाचोडला बहिणीकडं, सत्यभामेकडं, मुलीकडचे पाहुणे असेच मतदारयादीवाले होऊन आले होते. घरदार बघून गेले अन् आठ दिवसांत सुपारी फुटली. हे तर गारखेडा. इथं लोक जास्तच शिकलेले.

मुलाची, शिवराजची मागची सोयरीक टाकीवरच मोडली होती. नळाला पाणी आठव्या दिवशी. मुलीच्या मामानं गच्चीवर जाऊन टाकीवर बोटं वाजवली, ती रिकामी वाजली, खाली येऊन चहा अर्धा ठेवला अन् 'कळवतो' म्हणाला. अजून कळवतोय.

"बस बाई. इचार काय इचारायचं ते."

हिमानीनं कागद पुढं केला. त्यावर त्रिकोण, त्रिकोणात पाच पायऱ्या. "माणसाच्या गरजा अशा चढत जातात. खाली तहान-भूक, मग सुरक्षितता, मग आपली माणसं, मग मान आणि सगळ्यात वर स्वतःची ओळख. टाकी घेताना तुमच्या मनात कोणती पायरी होती?"

मनकर्णाबाईंनी कागद सुलटा पाहिला, उलटा पाहिला.

"याच्यात सून कुठं हाय?"

हिमानीचं बोट त्रिकोणात खालून वर गेलं, वरून खाली आलं. "ती... यात नाहीये."

मनकर्णाबाईंना काही सुधरेना. सूनच नाही, तर ही बया आली कशाला?

"बरं, स्वभाव सांगा. बोलका की अबोल?"

"अबोल. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात नाय."

"तुमचा स्वभाव, मावशी."

"माझा? माझा कुणाला जाच नाय."

हिमानीनं काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं. "घरात आणखी कोण?"

"मुलगा. वर हाय. कामाला लई वाघ."

"आणि टाकी भरलेली असते?"

"काठोकाठ."

"मग एक फोटो घेते."

"ऊन लई हाय गं! आधी चहा घे..."

पण हिमानी जिना चढत होती. गुडघे विसरून मनकर्णाबाई मागं धावल्या. फोटो झाला. मग जाता जाता हिमानीनं सहज टाकीवर बोटं वाजवली.

ढम, ढम.

मनकर्णाबाईंनी डोळे मिटले.

आतून उलट वाजलं. ढम, ढम.

हिमानी दोन पावलं मागं सरली. झाकण हललं. भुवयांपर्यंत गाळ माखलेलं एक डोकं वर आलं, मग घासणी धरलेला हात.

"आई, गाळ निघाला समदा. उद्या येऊ दे आता नळ."

हिमानीनं एकदा डोक्याकडं पाहिलं, एकदा कागदाकडं. "हे... कोण?"

मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला.

"हाच मुलगा."