दगडाखाली

"पळेल तो मासा, थांबेल तो साप. थांबला, की तूही थांब."

लहानपणी ऐकलेला बापाचा आवाज कानात घुमला आणि ती जागीच थांबली. खाडीच्या पाण्यात ती वाकली होती. कोपरापर्यंत हात दगडाखालच्या बिळात. ती खरबी शोधत होती. गोड्या पाण्यात रमणारा, खाऱ्यातही तगणारा तो बोटभर मासा, हात लागला की सुळकन निसटतो. पण आत्ता बोटांना लागलं होतं ते गार, गुळगुळीत होतं. आणि पळत नव्हतं.

भरती चढत होती. पाणी पोटाला लागलं. पोटात बाळ होतं.

"काय गं, दगड झालीस की काय?" टोपली सावरत नवरा हसत जवळ आला.

"येऊ नकोस. साप आहे."

त्याचं हसू मावळलं. अशा वेळी कुणीही मागं सरकतं. बाप असाच सरकला होता. धाकटी बहीण जन्मली त्या दिवशी 'मीठ घेऊन येतो' म्हणून गेला, तो गेलाच. आई म्हणायची, "माणूस कसला, मासाच तो!" आता स्वतःला बाळाची चाहूल लागल्यापासून ती धास्तावली होती. नवऱ्याला वाटायचं, आपणही सोडून जाऊ याची तिला भीती.

तो सरकला नाही. तिच्या हाताला हात घासत त्यानं बिळात हात घातला.

"वेडा आहेस का? चावेल!"

"चावू दे. विष निम्मं निम्मं."

आत काहीतरी त्याच्या बोटाला डसलं. ती किंचाळली. त्यानं मात्र चाचपून पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"अगं, खरबीच आहे! नर. वर चाचप, दगडाला."

दगडाच्या पोटाला खसखशीसारखे दाणे चिकटले होते. घट्ट.

"अंडी राखतोय. म्हणून हलत नाही."

दोघांनी अलगद हात काढले. पाणी छातीशी आलं होतं. त्यानं तिला धरून काठावर आणलं.

"बघितलंस? एवढासा मासा जागचा हलत नाही. मी कुठं पळतोय? सोड आता ती भीती."

 ओल्या पदराचं टोक ती पिळत राहिली, पाणी संपलं तरी.

"तुझी भीती नव्हतीच रे," ती म्हणाली. "मी बापावर गेलेय. रोज सकाळी उठते, ती पळून जायचं ठरवूनच."