मूठभर बिया

बायको बरेच दिवस घुम्यासारखी बसून असायची. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "मॅग्नेशियम पोटात गेलं तर कदाचित थोडी उभारी येईल. रोज मूठभर भोपळ्याच्या बिया खाऊन बघा." नवऱ्याने त्याच दिवशी बरणीभर बिया आणल्या. पण टीव्हीसमोर बसलं की त्याचा हात आपोआप बरणीत जायचा. बिया अशा काही खमंग लागायच्या की दोन दाण्यांची मूठ कधी व्हायची, कळायचंच नाही. बायको आत कामात आहे एवढं बघायचं आणि गुपचूप चघळायचं. उद्यापासून हात लावायचा नाही, असं तो रोज स्वतःला बजावायचा. बरणी रिकामी झाली की नवी पिशवी आणून तिच्या नकळत ओतून ठेवायचा.

पुढच्या भेटीत बाईंनी विचारलं, "ताई, बिया खाताय ना?"

"खाते की," नवराच घाईघाईने म्हणाला. "बरणी बघता बघता संपते."

"मग काही फरक?"

त्याने जीव मुठीत धरला.

"मला नाही," बायको म्हणाली. "यांना पडलाय. हल्ली गुणगुणतात."

बाई चकित झाल्या. "अहो, मग त्यांना अडवलं का नाही?"

"पहिल्या दिवशी कच्ची बी खाऊन यांनी तोंड वाकडं केलं होतं. तेव्हापासून यांनी गुपचूप बरणी भरली की मी त्या बिया भाजून, मीठ लावून ठेवते. घरात एकाला तरी बरं वाटायला हवं ना."