किल्ली मिळणार नाही

"किल्ली दे," विभागप्रमुख हात पुढे करून म्हणाले.

"नाही देणार, सर. पाच वाजेपर्यंत मी इथून हलणारही नाही."

संशोधिका उबवणपेटीला पाठ लावून उभी होती. पेटीला तिनं सकाळीच कुलूप घातलं होतं. आत काचेच्या बशीत नऊ गोळे होते, खसखशीच्या दाण्याहून लहान. ना स्त्रीबीज, ना शुक्राणू. धाकट्या बहिणीच्या त्वचेतल्या पेशींपासून तिनं मूळपेशी तयार केल्या होत्या आणि त्यांतून हे गर्भासारखे गोळे वाढवले होते. आज त्यांचा अकरावा दिवस.

बहिणीला तीनदा दिवस राहिले आणि राहतात न राहतात तोच गर्भ गेला. का, ते एकाही डॉक्टरला सांगता आलं नव्हतं.

"वरून फोन आलाय," प्रमुख म्हणाले. "मी शब्द दिलाय त्यांना."

"मला विचारून दिलात?"

"नोकरीवर पाणी सोडावं लागेल."

"सोडते."

"चार वर्षं राबलीस यासाठी. वेड लागलंय का तुला?"

"लागलं असेल."

प्रमुख दार आपटून गेले.

साडेचारला बहिणीचा फोन आला.

"ताई, तुझ्या सरांनी मला फोन केला होता. म्हणाले, तिला समजव."

"मग?"

"मी म्हटलं, लहानपणापासून तिला कुणी समजावू शकलंय का?" बहीण हसली, मग तिचा आवाज कापरा झाला. "माझ्याकडे बघून काही ठरवू नकोस गं. तुला पटेल तेच कर."

संशोधिकेनं बाहीला डोळे पुसले आणि गोळ्यांचे फोटो काढून पेटी पुन्हा बंद केली.

पाचच्या ठोक्याला प्रमुख कुलूप तोडायला माणूस घेऊनच आले.

"त्यांना कशाला त्रास?" ती म्हणाली. तिनं स्वतःच कुलूप उघडलं, बशी बाहेर काढली आणि पेशी जागच्या जागी मारणारं द्रावण नऊच्या नऊ गोळ्यांवर ओतलं.

प्रमुख मटकन खुर्चीत बसले.

"परवानगी अकराच दिवसांची होती, आज पाचपर्यंतची, कबूल," ते पुटपुटले. "पण बारावा दिवस कुणाला कळणार होता?"