आलोच म्हणून गेलेला

गावाच्या बाजूनं पत्र्याचे डबे वाजायला लागले आणि दुर्गा चालता चालता थबकली. म्हणजे कळलं तर सगळ्यांना!

सकाळी दोघं भाऊ-बहीण मोहफुलं वेचायला आले होते. टोपली अर्धी भरली तसा लच्छू म्हणाला, "इथीच राय दुर्गे. नाल्यावरून पाणी घेऊन आलोच." आलोच म्हणून गेलेल्या माणसानं यायला नको? दुर्गानं फुलं निवडून त्यांचे लहान-मोठे ढीग लावले, तरी लच्छू नाही. मग तीच निघाली त्याला शोधायला.

गेल्याच आठवड्यात याच नाल्यावर वाघानं कमलाबाईला धरलं होतं. वाकून फुलं वेचत होती बिचारी. तेव्हापासून एकट्यादुकट्यानं जंगलात फिरकायचं नाही, असं गावाचं ठरलं होतं.

पण दुर्गाला वाघापेक्षा गावाचं भय जास्त. होळीच्या आधी त्यांच्या अंगणात पंच बसले होते. बापूजी पाटील बिडी विझवत म्हणाले, "या घरचं येडं याच्याआधीबी हरवलं होतं. त्याच्यापायी आमची माणसं वाघाच्या तोंडात घालाची काय? आता हरवलं त सिधं नागपूरले, येड्याइच्या दवाखान्यात." लच्छू ढसाढसा रडला होता. पाटलाचे पाय धरले होते त्यानं. दुर्गा भिंतीला टेकून सगळं ऐकत होती.

लच्छू होताच तसा, त्याला कोण काय करणार? हसण्यासारखं काही नसताना हसायचा. बोलायचा एक, करायचा भलतंच. जंगलातली सगळी झाडं त्याला सारखीच दिसायची. एकाच मोहाखालून दोनदा गेला तरी ओळख म्हणून नाही. घडीभर गप्प बसवत नसे त्याला. आणि दुर्गा हापशीवर जावो की सरपणाला, हा आपला शेपटासारखा मागे. तिशी उलटली तरी लग्न नाही. अशा घरात पोरगी देतो कोण? पण भाऊ होता. आई मरताना दोघांचे हात एकमेकांत देऊन म्हणाली होती, "सोडू नोका एकमेकाले." दुर्गानं सोडलं नव्हतं.

डबे जवळ येत चालले. ठण ठण ठण ठण! काय म्हणावं या लोकांना? वाघ पळवायला डबे बडवतात ते ठीक. पण हरवलेलं माणूस शोधायलाही डबेच? अशानं ते बापडं भिऊन आणखी आत पळेल, एवढंही कळू नये! दुर्गाचं स्वतःचं डोकं फुटायची वेळ आली. सावरीची बोंडं उकलून कापूस खाली पडला होता. त्याचे बोळे करून तिनं कानात गच्च कोंबले आणि डब्यांकडे पाठ करून धावत सुटली. गावाच्या आधी तिला लच्छू सापडायला हवा होता.

नाल्याच्या रेतीत लच्छूची पाण्याची कॅन आडवी पडली होती. सांडलेल्या पाण्यानं रेती अजून ओली होती. आणि शेजारीच पंजा. मोठा, ताजा, काठावरची रेती अजून ढासळत असलेला.

दुर्गानं चहूकडे पाहिलं. हाक मारावी तर गाव ऐकेल. न मारावी तर लच्छू... पुढचं तिच्यानं मनात आणवेना. तिनं पदराचा बोळा दातांत धरला आणि पंजे गेले होते तिकडेच बांबूत शिरली. वाघ पुढे, गाव मागे.

समोरचा बांबू हलला.

संपलं सारं, असं वाटून तिनं डोळे गच्च मिटले. काही झालं नाही. डोळे उघडले तर पुढ्यात लच्छू! अंगभर ओरखडे, डोळे लालबुंद, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ठोकून ठोकून चेपलेला डबा. याला डबा कोणी दिला, हे विचारायला वेळ कुठे होता? तिनं दंडाला धरून त्याला खाली ओढलं.

"चूप बस! ते आले का तुले नागपूरले नेतीन. मी नाई नेऊ देत. आपण इथीच लपून राहू."

लच्छू तिच्याकडे बघतच राहिला. मग तोंडावर हात दाबून हमसून हमसून रडायला लागला.

"रडू नोको रे. मी हाओ ना."

त्यानं डबा खाली ठेवला. हात पुसले, आणि तिच्या कानांतला कापूस हळूच, आधी एक, मग दुसरा, काढून घेतला.

डबे ठणठणत होते. आणि त्या ठणठणाटातून, नाल्याच्या अलीकडून, पलीकडून, साऱ्या जंगलातून माणसं घसा फोडून एकच हाक मारत होती.

"दुर्गेऽऽ! ओ दुर्गेऽऽ!"